मी वही ठेवली : लिंक्डइन प्रोफाइल नावाचा वाङ्मयप्रकार

दिवाळीत गावी गेलो होतो. शाळेतला एक मित्र भेटायला आला. चहा झाला, कापसाच्या भावावर बोलून झालं, मग त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "ते लिंक्डइन का काय म्हणतेत, ते मले काढून दे नं बे. आमच्या इंजिनेराचं हाय त्याच्यावर. मस्त लंबं लिवलं हाय त्यानं."

गाव झरी जामणी तालुक्यातलं. तालुक्याच्या नावातच दोन गावं आहेत, झरी आणि जामणी. यवतमाळ जिल्ह्याचा तेलंगणाला खेटलेला हा कोपरा. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. जमिनीवर कापूस, सोयाबीन आणि तूर, जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी. मित्र कोलाम पोडावरचा. दहावीनंतर त्यानं आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, अप्रेंटिसशिप केली, आणि गेली सहा वर्षं तो शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. ठेका बदलत राहतो, माणसं तीच राहतात. त्याला आता कंपनीच्या पगारपत्रकावर नाव हवं होतं. कुठंही जायला तयार होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं प्रोफाइल बऱ्यापैकी चालतं, म्हणजे रिक्रूटरचे मेसेज येतात. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. सुट्टीचे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी प्रोफाइल नावाचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला, एखादं पुस्तक वाचावं तसा. त्या वाचनाबद्दल हे लिहितोय.

आधी या प्रकाराबद्दल थोडं. लिंक्डइन २००३ च्या मे महिन्यात सुरू झालं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं. अमेरिकेखालोखाल सगळ्यात जास्त सभासद भारतात आहेत. माझ्या वयाच्या कितीतरी मराठी मुलामुलींनी स्वतःबद्दल सलग लिहिलेला एकुलता एक मजकूर म्हणजे त्यावरचं 'अबाउट'. डायरी कोणी लिहीत नाही, पत्रं संपली, आत्मचरित्र लिहायचं वय झालेलं नाही. तरी या लिखाणाकडे लिखाण म्हणून कोणी बघत नाही. सल्ले मात्र ढिगानं मिळतात.

छंदाला मात्रा असतात तशी या प्रकाराला अक्षरं मोजून दिलेली आहेत. नावाखालच्या हेडलाइनला २२०, अबाउटला २६००. त्यातल्याही पहिल्या दोनतीन ओळीच मोबाइलवर दिसतात, बाकीचं वाचायचं तर 'सी मोअर' दाबावं लागतं. वाचक दोन. पहिला म्हणजे सर्च. रिक्रूटर पदाचं नाव, कौशल्य, शहर असं टाकून शोधतो. जो शब्द तुमच्या पानावर नाही, त्या शोधात तुम्ही नाही. दुसरा वाचक माणूस. त्याला दुपारपर्यंत अशी शंभर पानं उलटायची असतात. एकाला नेमके शब्द हवेत, दुसऱ्याला विश्वास. सगळी ओढाताण यातून होते.

आपल्याकडे याच्या जवळचा प्रकार एकच, लग्नाचा बायोडाटा. पण तो उलटा चालतो. त्यात मुलगा दोन ओळींचा आणि घराणं दहा ओळींचं: मामांचं गाव, काकांची नोकरी, शेती किती, आत्या कुठे दिली. प्रोफाइलमध्ये घराणं शून्य आणि मुलगाच मुलगा. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणं सांगताना आपली स्तुती आपण करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, दोघांनाही एकाच ओवीत मूर्ख ठरवलंय. म्हणजे लिंक्डइन आणि बायोडाटा दोन्ही एका फटक्यात गेले. असो, पोट समर्थांनाही होतं, पण रिक्रूटर नव्हता.

मित्राला नमुना म्हणून त्याच्या इंजिनिअरचंच प्रोफाइल हवं होतं. मी उघडलं. फोटो नीटनेटका, हेडलाइनमध्ये चार उभ्या रेघा आणि पाच पदव्या. अनुभवाच्या खाली पहिलीच ओळ अशी: 'स्पिअरहेडेड अ प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स इनिशिएटिव्ह अक्रॉस कन्व्हेयर मोटर्स, सिग्निफिकंटली रिड्यूसिंग मॉन्सून डाउनटाइम.'

"मंजे काय बे?"

मी सांगितलं. पट्ट्यांच्या मोटरींची आधीच तपासणी करायची पद्धत त्यानं पुढाकार घेऊन सुरू केली, त्यामुळे पावसाळ्यातला बंद वेळ बराच कमी झाला.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "ते वहीचं हाय."

वही म्हणजे दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पावसाळ्यात पट्ट्यांच्या मोटरी ट्रिप होत. केबल जिथून आत जाते ते ग्लँड सैल झालेले, टर्मिनल बॉक्सचं रबर कडक झालेलं, आत ओलावा शिरायचा. मोटर ट्रिप झाली की धावत जायचं, पुसायचं, सुकवायचं, चालू करायचं, असं चाललेलं. यानं एका उन्हाळ्यात स्वतःच्या पैशानं वही आणली आणि प्रत्येक मोटरीला एक पान दिलं. आठवड्याला मेगर लावायचा, इन्शुलेशनचा आकडा तारखेसकट लिहायचा. आकडा घसरताना दिसला की मोटर बंद पडायच्या आधीच बॉक्स उघडायचा. कोणी सांगितलं नव्हतं. शिफ्टला दोन हेल्पर असतात, तेही लिहायला लागले. इंजिनिअरनं एकदा ती वही पाहिली, आवडली, संगणकावर त्याचा तक्ता केला, नवे ग्लँड आणि गॅस्केट मंजूर करून आणले. तक्ता वर गेला. वही मित्राकडे राहिली.

इथं इंजिनिअरला चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तेच केलं. मित्र म्हणाला, "तसं नाही. सामान त्यानंच आणलं नं. त्याच्याबिगर आमी काय वहीनं मोटर पुसली असती का?" खरं आहे. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द वेगळा काढून तपासला तर खोटा म्हणता येणार नाही. मोटरी होत्या, तपासणी होती, पावसाळा होता, बंद वेळ कमी झाला होता. खोट आहे ती वाक्याच्या रचनेत. इंग्रजी रेझ्युमेत 'आय' लिहीत नाहीत, वाक्य थेट क्रियापदानं सुरू होतं: लेड, बिल्ट, ड्रोव्ह, स्पिअरहेडेड. कर्ता गाळलाय असं वाटतं, पण तो गाळलेला नसतो, पक्का केलेला असतो. ज्याचं पान, तोच प्रत्येक वाक्याचा कर्ता. तिथं दुसरा माणूस बसायला जागाच नाही. वहीवाला बसवायचा कुठे?

मराठीत नेमकी उलटी पंचाईत होते. मी मित्राला विचारलं, सहा वर्षांत काय काय केलंस? तो सांगायला लागला: आयटीआयले नंबर लागला. मंग ठेक्यात लागलो. पॅनलचं काम निघालं, ते झालं. मोटरीचं जमलं. मी मोजत होतो. पाच मिनिटांत एकही 'केलं' नाही. नंबर लागला, नोकरी लागली, काम निघालं, काम झालं, जमून गेलं. जणू तो नुसता तिथं उभा होता आणि गोष्टी आपोआप त्याच्या अंगावरून होत गेल्या. हे फक्त त्याचं नाही. माझी आई माझ्या इंजिनिअरिंगबद्दल आजही 'त्याले नोकरी लागली' म्हणते. नोकरी काही तरी आजार किंवा डाग लागावा तशी लागते. इंग्रजीत ती 'सिक्युअर' करावी लागते, गड जिंकावा तशी.

आणि 'केलं' वापरलं तरी मराठीत गंमत आहेच. मी वही ठेवली. मी पंप दुरुस्त केला. मी गॅस्केट बसवलं. ठेवली, केला, बसवलं: क्रियापद वहीचं, पंपाचं, गॅस्केटचं लिंग घेतं. मी बाई आहे की पुरुष याची त्याला पर्वा नाही. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. त्या रात्री ओसरीवर बसून वाटलं, प्रोफाइल लिहायला याहून चांगली रचना नाही. 'मी' आहे, नाकारलेला नाही, पण वाक्य कामाकडे बघतंय. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आठवणी लिहिल्या त्याचं नावच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असं आहे. आयुष्य लिहिताना पहिला शब्द 'आमच्या'. लिंक्डइनवर असं 'आमच्या'नं सुरू होणारं हेडलाइन मी अजून पाहिलेलं नाही.

मग मी माझं प्रोफाइल उघडलं. उघडायला नको होतं. वरून तिसरी ओळ: 'लेड द मायग्रेशन ऑफ अ लेगसी बिलिंग सिस्टिम.' आम्ही सहा जण होतो. आराखडा आमच्या एका सीनियरचा होता, ती त्या काळात रात्री दोनला ऑनलाइन दिसायची. मी डेटा हलवणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, त्या चांगल्या लिहिल्या, एकही रेकॉर्ड हरवला नाही. हे सांगण्यासारखं आहे की. पण मी 'लेड' लिहिलं, कारण नमुन्यात लेड होतं आणि माझ्या बरोबरच्या सगळ्यांनी लेड लिहिलं होतं. सहा जणांच्या टीमचे सहा नेते. मित्राच्या इंजिनिअरवर मी दुपारी जे बोललो होतो ते सगळं रात्री मला लागू होत होतं. फरक एवढाच की माझी सीनियर ठेकेदाराकडे नव्हती, तिचं स्वतःचं प्रोफाइल होतं. तिला बोलता येत होतं.

प्रोफाइल कसं लिहावं याचे जे सल्ले मिळतात त्यातला सगळ्यात शहाणा मला लास्लो बॉकचा वाटतो. हा तेव्हा गूगलच्या मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होता. २०१४ मध्ये त्यानं रेझ्युमेसाठी एक सूत्र सांगितलं: काय साधलं, ते कशानं मोजलं, आणि ते काय करून साधलं. एका वाक्यात तिन्ही. 'पॅशनेट' आणि 'डायनॅमिक'पेक्षा हे कितीतरी बरं. लिंक्डइन स्वतः २०१० पासून काही वर्षं घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांची यादी काढत असे. २०११ ला पहिला नंबर 'क्रिएटिव्ह'चा होता. लाखो लोकांनी एकच शब्द लिहून आपण वेगळे असल्याचं सांगितलं.

तर बॉकचं सूत्र चांगलं आहे, पण त्यातला मधला तुकडा नीट बघा: कशानं मोजलं. मोजायचं साधन कोणाकडे असतं? बंद वेळेचा रिपोर्ट इंजिनिअरच्या स्क्रीनवर येतो. विक्रीचा आलेख मॅनेजरकडे असतो. ठेक्यावरच्या माणसाला त्याच कारखान्यात संगणकाचा पासवर्डसुद्धा नसतो. टक्केवारी काम करणाऱ्याची नसते, ज्याच्याकडे रिपोर्ट येतो त्याची असते. आशाताई घरोघर फिरते, आकडा तालुक्याच्या सादरीकरणात जातो. म्हणून हे सूत्र वाचून खालच्या माणसाला वाटतं की आपल्याकडे लिहायला काही नाही. माझ्या मित्रालाही तेच वाटत होतं. "लिही, इलेक्ट्रिशियनचं काम करतो. झालं." पण त्याच्याकडे वही होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आला. आम्ही बोट ठेवून मोजलं. वही सुरू केल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ओलाव्यानं १९ वेळा मोटरी ट्रिप झाल्या होत्या, ग्लँड बदलल्यानंतरच्या पावसाळ्यात ७ वेळा. कारखान्याचं उत्पादन, तोटा, नफा यातलं काही लिहायचं नाही हे मी त्याला बजावलं, ते आपलं नाही. हे १९ आणि ७ मात्र त्याचे.

भाषांच्या रकान्याशी आलो तेव्हा तो म्हणाला, "हे रिकामं ठेव. इंग्रजी येत नाही मले."

घरी तो कोलामी बोलतो. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं शेजारधर्माचं. शाळा मराठीत झाली. पैनगंगेपलीकडच्या बाजारामुळे तेलुगू येते. कारखान्यात अर्धे लोक उत्तरेकडचे, त्यांच्याशी हिंदी. चार भाषा बोलणारा माणूस भाषांचा रकाना रिकामा ठेवायला सांगत होता, कारण त्याच्या डोक्यात तो रकाना इंग्रजीसाठीच होता. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की रोज सकाळी शिफ्टच्या आधी सुरक्षेच्या सूचना दिल्या जातात, साहेब त्या एका भाषेत सांगतो आणि मागे उभा राहून हा त्या हिंदीत आणि तेलुगूत सांगतो. पॅनल बंद करून कुलूप कसं लावायचं, कुलपावर नाव कोणाचं, चावी कोणाकडे. विजेच्या कामात ही सूचना समजली नाही तर माणूस मरतो. हे त्यानं काम म्हणून कधी धरलंच नव्हतं. "ते त बोलणं हाय."

लिंक्डइनवर हिंदी २०२१ च्या डिसेंबरमध्ये आली, नंतर मराठीही आली. बटणं मराठीत करता येतात. पण बटणं मराठीत झाल्यानं रिक्रूटर मराठीत शोधायला लागत नाही, त्यामुळे मजकूर आम्ही इंग्रजीतच ठेवायचं ठरवलं. फक्त आधी मराठीत लिहायचा आणि मग साध्या इंग्रजीत न्यायचा, उलट नाही. कारण उलट करून बघितलं होतं. लिंक्डइन पैसे भरणाऱ्यांना प्रोफाइल लिहून देणारं एआय देतं, बाहेरही फुकट मिळतात. मी एकाला मित्राची माहिती घातली. दहा सेकंदांत आलं: रिझल्ट्स-ड्रिव्हन, प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड, आणि अर्थातच पॅशनेट. मी मराठीत वाचून दाखवलं. तो हसायला लागला. "हे त आमच्या इंजिनेराचंच झालं." यंत्र हजारो पानं वाचून शिकलंय, त्यात सगळी पानं इंजिनिअरचीच आहेत. लाल वही कोणी अपलोडच केलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींवर गेला, हेडलाइन आणि गाव.

हेडलाइन म्हणजे तुम्ही स्वतःला कोणत्या नावानं हाक मारता. मराठी आत्मकथनात या बाबतीत फार जबरदस्त काम झालेलं आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं, शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ चं. या लेखकांनी ही नावं स्वतःसाठी शोधून काढलेली नाहीत. समाजानं ती आधीच चिकटवलेली होती. त्यांनी ती सोलून काढून मुखपृष्ठावर लावली आणि आतल्या पानांत उत्तर दिलं. नोकरीचं पान आणि ही पुस्तकं यांची बरोबरी करायचा माझा विचार नाही, ते वेडेपणाचं होईल. पण हेडलाइन लिहिणाऱ्याचे दोन मार्ग त्यातून स्पष्ट दिसतात: लोक आपल्याला जे म्हणतात तिथून सुरुवात करायची, किंवा जे कोणीच म्हणत नाही ते लिहायचं. लिंक्डइननं दुसरा मार्ग धरला. 'व्हिजनरी', 'इव्हँजेलिस्ट', 'निंजा'. चहाच्या टपरीवर कोणी यांना या नावानं हाक मारून बघावी. मित्राला कारखान्यात 'मेगरवाला' म्हणतात. आम्ही मेगरवाला लिहिलं नाही, पण हेडलाइन तिथूनच काढली: औद्योगिक इलेक्ट्रिशियन, कन्व्हेयर मोटर, एमसीसी पॅनल, मेगर टेस्टिंग, कोलामी-मराठी-हिंदी-तेलुगू. सर्चचेही शब्द आले, टपरीवरही चाललं.

गावाचं अवघड होतं. "गाव लिवाचं का?" त्यानं विचारलं. मी शिकायला बाहेर पडलो तेव्हापासून माझ्या कुठल्याच पानावर झरी जामणी नाही. आधी यवतमाळ लिहायचो, मग अमरावती, आता पुणे. लाज वाटत होती असं मी म्हणणार नाही, पण कोणी झरी जामणी हे नाव नेटवर शोधलं तर त्याला काय सापडेल हे मला माहीत होतं. शेतकरी आत्महत्या, आणि कुमारी माता. आमच्या तालुक्याचं अबाउट आम्ही लिहिलेलं नाही, बातमीदारांनी लिहिलं. प्रश्न खरा आहे, तो दडवावा असं नाही. पण 'कुमारी माता' हे शीर्षक एकदा व्याकरण म्हणून वाचा. त्यात मुलगी आहे, तिचं लग्न न झालेलं आहे, तिचं मूल आहे. फसवून निघून गेलेला पुरुष त्या दोन शब्दांत कुठेच नाही. इंजिनिअरच्या वाक्यात वहीवाल्याला जागा नव्हती, या शीर्षकात पुरुषाला जागा नाही. पहिल्यात ज्यानं काम केलं तो गायब, दुसऱ्यात ज्यानं गुन्हा केला तो गायब. आणि बदनामी ज्या पोडांच्या नावावर जमा झाली, त्यातल्याच एका पोडावरचा माणूस मला विचारत होता की गाव लिहायचं का.

मी म्हणालो, तुझ्यावर आहे. व्यवहार म्हणून बघितलं तर नोकरी देणाऱ्याला तू कुठं राहायला तयार आहेस ते हवंय, जन्म कुठला ते नाही. त्यानं थोडा विचार केला. "लिव. आयटीआय इथूनच करत गेलो नं येऊन-जाऊन. मंग लिवाच लागन." त्याचं उत्तर माझ्यापेक्षा सरळ होतं. मूळ गाव झरी जामणी तालुका, काम कुठेही.

शेवटी मराठीत तयार झालेला मजकूर असा होता. तो इथं देतो, कारण समीक्षा करून मोकळं होणाऱ्यानं निदान एक नमुना तरी पुढे ठेवावा:

'सहा वर्षं कन्व्हेयरच्या मोटरींची देखभाल करतो. ४७ मोटरींची नोंदवही मी ठेवली. दर आठवड्याला मेगरनं इन्शुलेशन मोजून आकडा घसरण्याआधी काम काढतो. एका पावसाळ्यात ओलाव्यानं १९ वेळा मोटरी ट्रिप झाल्या होत्या, ग्लँड आणि गॅस्केट बदलल्यानंतरच्या पावसाळ्यात ७ वेळा. सामान आमच्या इंजिनिअर साहेबांनी मंजूर करून आणलं, बसवलं आम्ही तिघांनी. रोज सकाळी सुरक्षेच्या सूचना हिंदी आणि तेलुगूत सांगतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन. मूळ गाव झरी जामणी तालुका. कुठेही काम करायला तयार.'

इंजिनिअरचं वाक्य त्याच्या आग्रहानं घातलं. मी काढायला सांगत होतो.

टाकण्याआधी मी त्याला एवढंच म्हणालो की हे तुझ्या दोन हेल्परांना वाचून दाखव. ते हसले तर बदलू. माझ्या 'लेड'वर माझी सीनियर हसली असती, किंवा हसली नसती, जे जास्त वाईट. (ती ओळ मी आता बदलली आहे. 'सहा जणांच्या टीममध्ये डेटा हलवणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, एकही रेकॉर्ड हरवला नाही.' रिक्रूटरचे मेसेज कमी झालेले नाहीत, वाढलेही नाहीत.) मित्रानं फोन स्पीकरवर ठेवून वाचलं. पलीकडून एक जण म्हणाला, "४७ नाही, ४६. ते कोपऱ्यातली त बंदच हाय कवाची." यानं वही उघडली. त्या मोटरीचं पान होतं, पण वर्षभर कोरं. आम्ही ४६ केलं.

प्रोफाइल टाकून तीन महिने झाले. नोकरी लागलेली नाही. एकानं रजिस्ट्रेशन फी म्हणून पैसे मागितले, त्याला ब्लॉक करायला सांगितलं. एका ठिकाणाहून वायरमनचा परवाना आहे का विचारलं, तो नव्हता, आता त्याच्या मागे लागलाय. गेल्या आठवड्यात विदर्भाबाहेरच्या एका कारखान्यातून फोनवर मुलाखत झाली. समोरच्या माणसानं विचारलं, वहीत पानं किती आहेत? यानं सांगितलं, ४७. मग मोटरी ४६ कशा? तो म्हणतो की वीस मिनिटं ते दोघं त्या कोपऱ्यातल्या बंद मोटरीबद्दलच बोलत होते.